गाळणपिशवी आणि मत्स्यालयाचे पाणी

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मासे पाळावे लागतात ते शोभेसाठी नव्हे. श्वसन, पुनरुत्पादन, अंतःस्रावी ग्रंथींचे कार्य, विषारी द्रव्यांचा परिणाम इत्यादी अनेक विषयांच्या अभ्यासाला निरोगी मासा हाच आधार असतो. टाकीतील पाणी बिघडले तर मासा मरतो. आणि मेला नाही तरी त्याच्या शरीरक्रियांत असा फरक पडतो की, हाती आलेले आकडे प्रयोगद्रव्याच्या परिणामाचे आहेत की बिघडलेल्या पाण्याच्या परिणामाचे, हे सांगणे अशक्य होते. पाणी निर्मळ राखणे हा म्हणूनच घरकामाचा नव्हे, तर प्रयोगपद्धतीचाच भाग होय.

या कामासाठी सूक्ष्म छिद्रांच्या जाळीची पिशवी वापरण्याचा प्रघात आज सर्वत्र रूढ झाला आहे. तिची रचना साधी असते. मत्स्यालयाच्या टाकीतून ओसंडणारे पाणी एका नळीने खालच्या कुंडात आणले जाते. नळीच्या तोंडाखाली कड्याला अडकवलेली पिशवी टांगलेली असते. पाणी पिशवीच्या आतून बाहेर झिरपते, गाळ आत राहतो, आणि कुंडातील पाणी पंपाने पुन्हा वरच्या टाकीत जाते. अशी पिशवी लावल्यानंतर थोड्याच अवधीत पाण्यात तरंगणारा कचरा नाहीसा होतो व पाणी नितळ दिसू लागते. या नितळपणातूनच एक गैरसमज उद्भवतो. पाणी नितळ दिसले म्हणजे ते शुद्ध झाले, असे मानले जाते, आणि नितळ पाण्यात मासे मेले की त्याचे कारण अन्यत्र शोधले जाते. कापड काय अडवते, काय अडवीत नाही, आणि अडवलेल्या पदार्थाचे पुढे काय होते, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

१. कापड आणि छिद्र

नागपूरच्या अंबाझरी, फुटाळा किंवा गोरेवाडा तलावातील प्लवक गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला हे साधन वस्तुतः परिचित आहे. प्लवकजाळे व गाळणपिशवी यांत तत्त्वतः भेद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सागरी जीवांच्या अभ्यासकांनी अशी जाळी वापरण्यास प्रारंभ केला, आणि पुढे पीठ चाळण्याच्या गिरण्यांतील रेशमी कापड या कामी रूढ झाले. आज त्याची जागा नायलॉनने घेतली आहे. भेद इतकाच की, प्लवकजाळ्यात जे अडकते ते ठेवून पाणी सोडून दिले जाते, तर गाळणपिशवीत जे पार होते ते ठेवून अडकलेले टाकून दिले जाते.

छिद्राचे माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगितले जाते. मत्स्यालयातील पिशव्या बहुधा १०० किंवा २०० मायक्रॉनच्या असतात. माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. यावरून १०० मायक्रॉनची जाळी काय अडवील याची कल्पना येते. न खाल्लेल्या अन्नाचे कण, विष्ठेचे तुकडे, वनस्पतींच्या पानांचे अवशेष, डॅफ्नियासारखे जलचर हे सर्व तिच्यात अडकतात. उलट, पाण्याला हिरवा रंग देणारी बरीचशी एकपेशीय शैवले केवळ २ ते १० मायक्रॉनची, बहुतेक सूक्ष्मजंतू ०.५ ते २ मायक्रॉनचे आणि चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहूनही लहान असतात. हे सर्व जाळीतून विनासायास पार होतात. विरघळलेल्या पदार्थांचा तर प्रश्नच उद्भवत नाही. अमोनिया, नायट्राइट, वाळलेल्या पानांतून उतरलेला तपकिरी रंग, नळाच्या पाण्यातील क्लोरीन यांच्या दृष्टीने पिशवी असून नसल्यासारखीच असते.

पिशव्यांचे दोन प्रकार आढळतात. एकेरी धाग्याच्या विणलेल्या नायलॉन जाळीत सर्व छिद्रे जवळजवळ समान असतात आणि गाळ केवळ पृष्ठभागावर साचतो. ती धुण्यास सोपी असते. दुसरा प्रकार नमद्यासारख्या दाबून केलेल्या कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा. त्यात कण कापडाच्या जाडीत वाकड्यातिकड्या वाटांनी जाताना अडकतात. त्यामुळे अधिक बारीक कण थांबतात, परंतु कापड लवकर तुंबते व पुरते धुतले जात नाही. सुती कापड तात्पुरते चालते. मात्र सुताचा घटक सेल्युलोज असल्याने ते सतत पाण्यात राहिले तर सूक्ष्मजंतूंच्या योगे स्वतःच कुजू लागते.

२. गढूळपणाचे स्वरूप

कणांच्या आकाराचा आणि गढूळपणाचा संबंध प्रथमदर्शनी वाटतो त्याच्या उलट आहे. वजनाने तेवढाच पदार्थ जितक्या लहान कणांत विभागला जाईल तितके त्याचे एकूण पृष्ठफळ वाढते आणि, प्रकाशलहरीच्या लांबीएवढ्या आकारापर्यंत, प्रकाशाचे विकिरणही वाढते. पिशवीत अडकणारा मोठा कचरा डोळ्याला सुटा सुटा दिसतो. पाण्याला दुधी, मातकट किंवा हिरवट झाक येते ती मात्र पिशवीला न जुमानणाऱ्या कणांमुळे.

हे कण आपोआप तळाशी का बसत नाहीत, याचे उत्तर स्टोक्सच्या नियमात आहे. स्थिर पाण्यात लहान कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याहून किंचित जड असा १०० मायक्रॉनचा सेंद्रिय कण एका तासात सुमारे एक मीटर खाली जाईल. १ मायक्रॉनच्या मातीच्या कणाला, तो पदार्थाने कितीतरी जड असूनही, आठ-नऊ सेंटिमीटर उतरण्यास संपूर्ण दिवस लागेल. पंपाने हलत्या ठेवलेल्या पाण्यात तो तळाला कधीच स्थिरावणार नाही.

विदर्भात या बाबीला विशेष महत्त्व आहे. येथील काळ्या कापसाच्या जमिनीतील माती अत्यंत सूक्ष्म व फुगणाऱ्या कणांची असते. पावसाळ्यात ओढ्यांतून व तलावांतून आणलेल्या पाण्यात हे कण कलिलरूपाने दिवसेंदिवस तरंगत राहतात. प्रत्येक कणावर ऋण विद्युद्भार असल्याने ते एकमेकांना दूर सारतात व एकत्र येऊन जड होत नाहीत. असे पाणी कितीही बारीक पिशवीतून गाळले तरी गढूळच राहते, आणि छिद्र अधिक बारीक केले तर पिशवी लगेच तुंबते.

यावर घरोघरी चालत आलेला उपाय शास्त्रीय दृष्टीनेही योग्य आहे. तुरटी पाण्यात फिरवली असता ॲल्युमिनियमच्या धनभारित आयनांमुळे मातीच्या कणांचा भार नाहीसा होतो, आणि तयार होणाऱ्या हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांत ते गुरफटले जातात. निवळीच्या बिया, म्हणजे संस्कृतातील कतक, भांड्याच्या आतल्या बाजूस उगाळून पाणी निवळण्याची रीतही जुनी आहे. बियांतील द्रव्ये कणांना परस्परांशी जोडण्याचे कार्य करतात. दोन्हींत बारीक कणांचे मोठे पुंजके होतात आणि मग त्यांना साधे कापडही अडवू शकते. मात्र ही क्रिया टाकीबाहेर वेगळ्या पिंपात करावी. तुरटीमुळे पाण्याचा क्षारधर्म घटतो व सामू खाली येतो. अशा आम्ल पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांस अपायकारक ठरते.

३. नारू आणि पटकी : दोन दृष्टान्त

लहान वस्तू मोठ्या वस्तूबरोबर अडवता येते, या तत्त्वाची सर्वांत मोठी परीक्षा मत्स्यालयात नव्हे, तर पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत झाली आहे. पाणी गाळून प्यावे असा दंडक भारतात फार प्राचीन असून जैन समाजात तो आजही कटाक्षाने पाळला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीस या साध्या क्रियेला रोगनिर्मूलनाचे साधन म्हणून स्थान मिळाले.

नारू हा रोग महाराष्ट्रासह भारतातील सात राज्यांत होता. नारूच्या कृमीची मादी रुग्णाच्या पायातून बाहेर येऊ लागते, आणि तो पाय पायऱ्यांच्या विहिरीत किंवा तळ्यात बुडाला की तिच्या अळ्या पाण्यात सुटतात. या अळ्या सायक्लोप्स नावाचा सूक्ष्म कवचधारी प्राणी गिळतो. त्याच्या शरीरात सुमारे दोन आठवडे वाढ झाल्यानंतरच अळी मनुष्याला बाधा करण्यास समर्थ होते. सायक्लोप्स सामान्यतः अर्धा ते दोन मिलिमीटर लांब असतो. म्हणजे दुहेरी घडीच्या कापडातून किंवा सूक्ष्म नायलॉन जाळीतून तो पार होऊ शकत नाही. नारूवर लस नव्हती व आजही नाही. रोग बरा करणारे औषधही नाही. भारतात १९८३-८४ पासून राबवलेल्या निर्मूलन कार्यक्रमात सुरक्षित पाण्याची सोय, पायऱ्यांच्या विहिरींत बदल, सायक्लोप्सचा नाश करणारे औषध आणि पाणी गाळण्याची सवय यांवर भर होता. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

पटकीचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. पटकीचा जंतू एक ते तीन मायक्रॉन लांबीचा असल्याने कापड त्याला अडवणार नाही, अशीच अपेक्षा होती. परंतु तळ्या-नद्यांच्या पाण्यात हे जंतू फार मोठ्या प्रमाणावर प्लवकांच्या शरीराला चिकटून राहतात. रीटा कोलवेल, अन्वर हक व त्यांचे सहकारी यांनी बांगलादेशातील मतलब भागात केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या खेड्यांत पटकीचे प्रमाण तुलनेच्या खेड्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी कमी आढळले. चार पदरी घडीचे छिद्र सुमारे २० मायक्रॉनचे भरते. जुनी साडी नवीपेक्षा सरस ठरते, कारण वारंवार धुतल्याने धाग्यांचे तंतू सुटतात व छिद्रे बारीक होतात.

या दोन उदाहरणांतून निघणारा बोध एकच आहे. कापड पदार्थाचा गुणधर्म ओळखीत नाही. ते केवळ आकार ओळखते. जो अपाय मोठ्या वस्तूत किंवा मोठ्या वस्तूवर बसून येतो, तो कापडाने टळतो. जो सुटा किंवा विरघळलेला असतो, तो टळत नाही. नारूच्या बाबतीत सर्व अपाय सायक्लोप्समध्येच असल्याने यश पूर्ण मिळू शकले. पटकीच्या बाबतीत काही जंतू सुटे असल्याने आणि रोग अन्य मार्गांनीही पसरत असल्याने ते निम्म्याच्या आसपास राहिले. मत्स्यालयातील अपाय यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, हे आता पाहावयाचे.

४. पिशवीत अडकलेला गाळ

माशाच्या शरीरातील नत्राचा त्याज्य अंश मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात उतरतो. हा भाग पिशवीपर्यंत घनरूपाने कधी येतच नाही. उरलेला नत्र विष्ठेत व न खाल्लेल्या अन्नात असतो. तो पिशवीत अडकतो. परंतु अडकणे म्हणजे पाण्यातून बाहेर जाणे नव्हे. पिशवीतून अहोरात्र पाणी वाहत असते. त्यात साचलेला गाळ सूक्ष्मजंतू कुजवीत असतात, आणि कुजण्यातून निघालेला अमोनिया त्याच प्रवाहाबरोबर टाकीत परत जातो. घाण डोळ्यांआड झालेली असते, इतकेच.

एक साधे गणित या बाबीवर प्रकाश टाकते. २०० लिटरच्या टाकीत काही दिवसांत मिळून १० ग्रॅम अन्न घातले व त्यात ४० टक्के प्रथिने आहेत असे समजू. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो. म्हणजे अन्नात ०.६४ ग्रॅम नत्र आला. या अन्नाचा केवळ दहावा भाग न खाल्ला जाऊन पिशवीत अडकला व तेथेच पूर्णपणे कुजला, तर ६४ मिलिग्रॅम नत्र पाण्यात येईल, म्हणजे दर लिटरला ०.३२ मिलिग्रॅम. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु अमोनियाचा विषारीपणा त्याच्या एकूण प्रमाणावर नव्हे, तर आयनीभवन न झालेल्या अंशावर मुख्यतः अवलंबून असतो, आणि तो अंश सामू व तापमान यांबरोबर झपाट्याने वाढतो. सामू ७ व तापमान २५ अंश सेल्सियस असता तो एकूण अमोनियाच्या ०.६ टक्क्यांहून कमी असतो. सामू ८ व तापमान ३० अंश असता तो सुमारे साडेसात टक्के होतो. वरील उदाहरणात पहिल्या स्थितीत मुक्त अमोनियातील नत्र दर लिटरला ०.००२ मिलिग्रॅमहूनही कमी, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे ०.०२४ मिलिग्रॅम भरतो. गोड्या पाण्यातील माशांसाठी सुरक्षिततेची सीमा म्हणून बहुधा ०.०२ ते ०.०२५ मिलिग्रॅम हे प्रमाण धरले जाते. कल्ल्यांवाटे येणारा अमोनिया यात मिळवलेला नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. प्रयोगशाळेतील टाकीचे पाणी थंड करण्याची सोय नसेल तर ते सहज ३० अंशांच्या पुढे जाते; विहिरीचे जड पाणी वापरले असेल किंवा टाकीत शैवल माजले असेल तर दुपारी सामूही वाढतो. याच वेळी प्राणवायूचा साठा आक्रसतो. समुद्रसपाटीच्या दाबाखाली २० अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; ३० अंशांना केवळ ७.६ आणि ३५ अंशांना ७ च्या आत. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्यास साडेचार मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च होतो. म्हणजे वरील ६४ मिलिग्रॅम नत्रामागे जवळजवळ ३०० मिलिग्रॅम, किंवा दर लिटरला सुमारे दीड मिलिग्रॅम. जी पिशवी डिसेंबरात आठवडाभर न धुता निभावते तीच मे महिन्यात माशांच्या मृत्यूस कारण होऊ शकते, आणि पाणी दोन्ही वेळी सारखेच नितळ दिसते.

अमोनियाची विल्हेवाट लावण्याचे कार्य जिवंत गाळणीचे आहे. खडी, सच्छिद्र दगड किंवा तत्सम पृष्ठभागावर वाढणारे नायट्रोसोमोनास व नायट्रोस्पायरा यांसारखे सूक्ष्मजंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. १८५० च्या सुमारास लंडन येथे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली, आणि कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागताच गोगलगायी सोडल्या. त्या प्रयोगामागेही हेच तत्त्व होते. कुजणारा पदार्थ कोणीतरी वेळीच उचलला पाहिजे. गाळणपिशवी हे काम करू शकते, पण ती रिकामी केली तरच. कुजण्यापूर्वी गाळ बाहेर काढला तर जिवंत गाळणीवरील भार घटतो आणि तिच्या पृष्ठभागावर घाणीचे लेप बसत नाहीत. पिशवीचा खरा लाभ हाच. नितळपणा हा त्याचा आनुषंगिक परिणाम होय.

५. प्रयोगशाळेतील उपयोग

वरील विवेचनावरून वापराचे काही नियम निष्पन्न होतात. पिशवी दर दोन-तीन दिवसांनी, आणि उन्हाळ्यात शक्य तर रोज, बदलावी. त्यासाठी प्रत्येक टाकीमागे किमान दोन पिशव्या असाव्यात, म्हणजे एक वापरात असता दुसरी धुऊन कडक उन्हात वाळवता येते. धुताना पिशवी उलटी करून बाहेरून पाण्याचा जोर द्यावा. साबण किंवा धुण्याची पूड वापरू नये. तिचा अत्यल्प अंशही कल्ल्यांना घातक असतो. पिशवी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुण्यास हरकत नाही, परंतु जिवंत गाळणीतील खडी मात्र तशी कधीही धुऊ नये. ती टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच खंगाळावी, अन्यथा उपयुक्त सूक्ष्मजंतू नष्ट होतात.

पिशवी तुंबली की तिच्यातील पाण्याची पातळी चढते आणि पाणी काठावरून न गाळता ओसंडते. हे पाणी कुंडातच पडेल अशी तिची मांडणी असावी. पातळीचे हे चढणे धुण्याची वेळ झाल्याची खूणही आहे. छिद्राची निवड करताना सर्वांत बारीक तीच सर्वोत्तम, असे समजू नये. रोजच्या वापरास २०० मायक्रॉनची जाळी पुरते. पाणी विशेष स्वच्छ करावयाचे असेल तेव्हा काही तास १०० मायक्रॉनची किंवा नमद्याची पिशवी लावून काढून घ्यावी. पाणी हिरवे झाले असल्यास प्रकाश व अन्न कमी करावे, मातकट असल्यास टाकीत भरण्यापूर्वीच निवळून घ्यावे, आणि तपकिरी असल्यास रंग शोषून घेणारा सक्रिय कोळसा वापरावा. या तिन्हींवर पिशवी हा उपाय नव्हे.

माशांच्या पिल्लांच्या टाकीत पिशवीचा हेतू उलटतो. नुकत्याच जन्मलेल्या आर्टेमियाच्या अळ्या ४०० ते ५०० मायक्रॉनच्या असतात व त्या पिल्लांचे उत्तम खाद्य होत. तेथे बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी १०० मायक्रॉनची जाळी बसवली तर खाद्य टाकीतच राहते आणि पाणी बदलत राहते. प्लवकजाळ्याचा मूळ उपयोग येथे पुन्हा प्रत्ययास येतो.

शेवटी, ज्या टाकीतील माशांवर प्रयोग चालू आहे तिच्या नोंदवहीत पिशवी बदलल्याची तारीख, पाण्याचे तापमान, सामू व अमोनियाचे प्रमाण ही चार माहिती असणे आवश्यक आहे. दोन टाक्यांपैकी एकीची पिशवी रोज व दुसरीची आठवड्याने धुतली गेली, तर त्या दोन टाक्यांची तुलना करता येणार नाही, मग बाकीची परिस्थिती कितीही समान ठेवलेली असो.

समारोप

सूक्ष्मछिद्री पिशवी हे स्वस्त, साधे व उपयुक्त साधन आहे. ती आकाराने मोठा तो पदार्थ अडवते. लहान पदार्थ मोठा करून दिला तर तोही अडवते. विरघळलेल्याला मात्र ती हात लावीत नाही. आणि जे तिने अडवले ते मनुष्याने उचलून बाहेर टाकेपर्यंत पाण्यातच असते. मत्स्यालयाच्या पाण्याची परीक्षा म्हणूनच डोळ्यांनी पुरी होत नाही. ती सामू, अमोनिया व प्राणवायू यांच्या मोजणीने करावी लागते. नितळ पाण्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर प्रथम पिशवी उचलून पाहावी.